जवळचं गडद, दूरचं पुसट

अकिरा कुरोसावाच्या ‘राशोमोन’ची सुरुवात पावसाने होते. क्योतोच्या वेशीवरचं एक प्रचंड, मोडकळीला आलेलं लाकडी महाद्वार, त्याच्या आडोशाला थांबलेली माणसं आणि उघडायचं नाव न घेणारा पाऊस. १९५० चा हा कृष्णधवल चित्रपट आवाज बंद करून पाहिला तरी त्या पावसाचा भार जाणवत राहतो. तो पाऊस काळा आहे, अगदी शब्दशः काळा. कुरोसावाने आत्मचरित्रात ती हकिकत लिहून ठेवली आहे. बंबांनी पाण्याचा मारा चालला होता, पण कॅमेरा वर, ढगाळ आकाशाकडे वळला की त्या पांढुरक्या पार्श्वभूमीवर धारा दिसेनाशा व्हायच्या. शेवटी पाण्यात काळी शाई मिसळली आणि पाऊस पडद्यावर उमटला.

पावसात कृष्णधवल फोटो काढायला निघालेल्या नवशिक्याला मी सगळ्यात आधी ही शाईची गोष्ट सांगतो, कारण पहिल्या पावसात बहुतेकांची निराशा नेमकी इथेच होते. डोळ्यांसमोर धो धो कोसळत असतं आणि फोटोत उतरतो एक फिका, मळकट, करडा दिवस. पाऊस गेला कुठे? तो होता, पण त्याच्यामागे आकाश होतं. पाण्याच्या थेंबाला स्वतःचा रंग नाही. आजूबाजूचा उजेड वाकवून तो आपल्यापर्यंत पोचवतो, एवढंच. मागे उजळ आभाळ असलं की उजळात उजळ मिसळून जातं. मागे वडाचं भिजलेलं खोड असेल, अंधारा जिना असेल, पुलाखालचा काळोख असेल, तर तोच थेंब लख्ख रेघ होऊन उठतो. आपल्याला आभाळात शाई कालवता येत नाही, कॅमेरा मात्र खाली घेता येतो. चौकटीतलं आकाश जेवढं कमी करता येईल तेवढं करा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापकही त्यामुळे ताळ्यावर राहतो. मोठं पांढरं आकाश समोर आलं की तो सगळंच अंधारं करून टाकतो आणि माणसांचे चेहरे कोळशासारखे होतात.

कोकणातल्या एखाद्या कौलारू घरासमोर उभं राहून हे पडताळून पाहा. पडवीत बसून अंगणाकडे, मोकळ्या आभाळाच्या दिशेने कॅमेरा धरला तर पागोळ्या जेमतेम जाणवतात. तेच अंगणात उतरून, छत्री खांद्याशी धरून, घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं तर दाराच्या काळोखावर एकेक पागोळी वेगळी मोजता येते. कौलाच्या टोकाशी थेंब जमतो, फुगतो, लांबतो, सुटतो. खाली जमिनीत वर्षानुवर्षांच्या पागोळ्यांनी पाडलेल्या खळग्यांची एक ओळ असते. त्या ओळीत पाणी साचलेलं असतं आणि पडणाऱ्या प्रत्येक थेंबाने त्यातून एक छोटा तुरा उडतो. एवढ्या दीड हात पट्ट्यात सबंध सकाळ जाऊ शकते आणि ती वाया जात नाही.

इथे थोडं गणित कामाला येतं. दोन मिलिमीटर जाडीचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो सुमारे ११ सेंटिमीटर पडतो, म्हणजे फोटोत त्याची रेघ होते. १/५०० ला तो जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकतो आणि तुटक ठिपक्यासारखा दिसतो. सर कोसळतेय असं वाटायला रेघा हव्यात. त्यासाठी १/६० ते १/१२५ बरं. पागोळीचा थेंब टोकाशी लोंबताना हवा असेल तर १/५०० किंवा त्याहून जलद. भुरभुर पावसाला मात्र कुठलाही आकडा उपयोगी पडत नाही. तो फोटोत कधीच दिसत नाही. त्याने भिजवलेल्या वस्तू दिसतात.

आणि खरी गंमत त्या भिजलेल्या वस्तूंतच आहे. कोरडा डांबरी रस्ता करडा असतो, ओला काळा होतो. पाण्याच्या पातळ थरात शिरलेला बराचसा उजेड पुन्हा पुन्हा आतच परतवला जातो आणि बाहेर थोडा येतो, म्हणून डांबर, दगड, झाडाची साल, मातीची भिंत, सगळं गडद होतं. त्याच वेळी त्या थराचा पृष्ठभाग आरशाचं काम करतो आणि दिव्याचा, आभाळाचा उजेड सरळ डोळ्यात फेकतो. पायाखालच्या फूटभर रस्त्यात सगळ्यात गडद काळा आणि सगळ्यात लख्ख पांढरा शेजारी शेजारी येऊन बसतात. नजर जरा लांब टाकली की मात्र उलटं घडतं. दर दहा पावलांवर थेंबांचा आणि दमट हवेचा आणखी एक पडदा चढतो, काळ्याचा करडा होतो, करड्याचा पांढुरका, आणि शेवटी समोरची इमारत असून नसल्यासारखी होते. पाऊस जवळचं गडद करतो आणि दूरचं पुसतो. रंग काढून टाकल्यावर ही दोन्ही कामं उघडी पडतात, आणि मला वाटतं पावसासाठी कृष्णधवल निवडण्याचं खरं कारण हेच असावं. नुसतं उदास वाटावं म्हणून रंग काढणाऱ्यांना पाऊस फारसा प्रसन्न होत नाही.

आंरी कार्तिए-ब्रेसाँचं १९३२ मधलं पॅरिसचं एक छायाचित्र जगभर माहीत आहे: सें-लाझार स्टेशनच्या मागे, प्लास द ल्यूरोपपाशी, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस. ते इतक्या वेळा छापलं गेलंय की आपण ते पाहायचंच सोडून दिलंय. उडी, टाच आणि पाणी यांच्यामधलं ते बोटभर अंतर, त्याला कायमचे चिकटलेले ‘निर्णायक क्षण’ हे शब्द, आणि आपण पान उलटतो. पावसाचा फोटो शिकायचा असेल तर त्या उडीवर हात ठेवून, तिला झाकून, उरलेलं चित्र पाहा.

खाली पाणी आहे, आणि ते हललेलं नाही. माणूस ज्या आडव्या पडलेल्या शिडीवरून उडाला तिच्याभोवती तेवढी वर्तुळं उठली आहेत. बाकी सगळं पाणी सपाट, आभाळाचा उजेड झेलत पडलं आहे. त्या उजेडावर शिडीच्या पायऱ्या आणि पाण्यातून वर डोकावणाऱ्या लोखंडी कड्यांचे वाकलेले तुकडे शाईने काढल्यासारखे काळे उठले आहेत. माणूसही काळाच. त्याला चेहरा नाही, कपड्यांचा तपशील नाही, आणि त्याच्या खाली पाण्यात त्याचीच उलटी आकृती त्याला भेटायला वर येते आहे. ही झाली जवळची बाजू, गडद आणि धारदार. मग मागे पाहा. कुंपण मधल्या करड्यात आहे. कुंपणापाशी एक माणूस उभा आहे, तोही करडा. त्याच्याही मागे स्टेशनची छपरं आणि घड्याळाचा मनोरा दमट हवेत इतके विरले आहेत की ते आहेत हे शोधून काढावं लागतं. काळा, करडा, पुसट असे तीन पडदे एकामागे एक. उडी मारणाऱ्याच्या मागे ती पुसट मोकळीक नसती, स्टेशन स्वच्छ उन्हात खणखणीत दिसलं असतं, तर हा माणूस त्या पसाऱ्यात हरवला असता.

आता कुंपणावरची पोस्टरं. त्यांवर एक नर्तकी उडी घेते आहे, या माणसाच्या नेमक्या उलट दिशेने, आणि तिचंही प्रतिबिंब पाण्यात पडलं आहे. शेजारी ब्रायलोव्स्की या पियानोवादकाच्या नावाचं पोस्टर आहे, त्यातलं पहिलं अक्षर गेलेलं. हे सगळं पाणी साचण्याआधीही तिथे होतं. पाण्याने ते दुप्पट केलं, आणि दुप्पट केल्यामुळे ते कुणाच्या तरी लक्षात आलं. कार्तिए-ब्रेसाँ तेव्हा तिशीही न गाठलेला तरुण होता. दुरुस्तीच्या कामाभोवती उभारलेल्या फळ्यांच्या फटीतून तो डोकावत होता आणि भिंग पुरतं आत जाईल एवढी ती फट नव्हती. निगेटिव्हच्या डाव्या बाजूला फळी आली म्हणून ती बाजू कापावी लागली. चौकट न कापण्याबद्दल इतका आग्रही असलेल्या माणसाने कापलेल्या अगदी मोजक्या छायाचित्रांतलं हे एक.

या चित्रात पाऊस पडत नाहीये, हेही ध्यानात घ्यावं. तो पडून गेला आहे. सर ओसरल्यानंतरचा पाऊण तास नवशिक्याने कधीही सोडू नये. डबकी स्थिर होतात, आभाळ अजून ढगाळ असतं, माणसं आडोशातून बाहेर पडतात, आणि ओल्या रस्त्यावर चालताना त्यांच्या हालचाली बदलतात. ती साडी, पँट सावरतात, लांब ढांगा टाकतात, थबकतात. कॅमेरा जमिनीलगत नेला की वहीच्या पानाएवढं डबकंसुद्धा तळ्याएवढं होतं. मुंबईत लोकल स्टेशनाबाहेर किंवा पुण्याच्या पेठांत अशी डबकी पावसाळाभर हाताशी असतात. डबकं आधी निवडावं, त्याच्यामागचा पडदा काळा आहे की पुसट ते ठरवावं आणि मग माणसाची वाट पाहावी. माणसामागे धावत सुटलं तर यातलं काहीच जुळून येत नाही.

पुसटपणावर आणखी भिस्त ठेवलेलं एक जुनं चित्र आहे. आल्फ्रेड स्टिग्लिट्झचं ‘स्प्रिंग शॉवर्स’, १९००-०१ च्या सुमाराचं, न्यूयॉर्कमधलं. उभी, अरुंद चौकट. लोखंडी जाळीच्या गोल कुंपणातलं एक कोवळं, किडकिडीत झाड आणि रेनकोट घातलेला, रस्ता झाडणारा कामगार. मागचं शहर जवळजवळ गेलेलंच आहे. एवढ्या मोठ्या शहरात एक झाड आणि एक झाडूवाला यांनाच महत्त्व यावं, हे पावसाने घडवलं. स्टिग्लिट्झ त्या पावसात बाहेर पडला आणि पावसाने बाजूला काढून ठेवलेली दोन माणसं... मी झाडालाही माणूस म्हणून गेलो, पण ते चित्र पाहताना तसंच वाटतं. कौशल्याची कसली धडपड त्यात दिसत नाही. आपल्याकडे दादरच्या फुलबाजारात, गावच्या एसटी स्टँडवर, कुठल्याही गजबजलेल्या चौकात एरवी फोटोत इतक्या पाट्या, तारा, गाड्या घुसतात की हात टेकावेत. मुसळधार पावसात उभं राहा. ती सगळी गर्दी पाऊस मागे ढकलतो आणि तुमच्यासमोर, चार हातांवर, भाजीच्या टोपलीवर प्लॅस्टिक ओढणारी बाई तेवढी उरते.

रात्रीच्या पावसाचा धडा आपल्याला घरबसल्या मिळालेला आहे. ‘श्री ४२०’ मधलं छत्रीचं गाणं मराठी घरांतल्या तीन पिढ्यांनी पाहिलं आहे. राज कपूर, नर्गिस, एक छत्री, शेगडीपाशी बसलेला चहावाला, रेनकोट घातलेली तीन मुलं. पाऊस स्टुडिओतला, छायालेखन राधू कर्मकार यांचं. एकदा कथा, सूर, सगळं विसरून फक्त प्रकाश कुठून येतोय ते पाहा. धारा चमकतात त्या मागून येणाऱ्या उजेडामुळे, आणि त्यांच्यामागे रात्रीचा काळोख आहे. राशोमोनमध्ये उजळ आभाळापुढे पाऊस काळा करावा लागला. इथे काळ्या रात्रीपुढे पाऊस पांढरा केला. रस्त्यावरच्या दिव्यापाशी उभं राहून हे जसंच्या तसं करता येतं. दिवा आणि तुम्ही यांच्यामध्ये पाऊस आणि माणूस येऊ द्या. दिवा स्वतः माणसाच्या किंवा खांबाच्या आड लपवा, नाहीतर तो भगभगेल. आणि फ्लॅश बंद. फ्लॅशचा उजेड भिंगापुढच्या हातभर अंतरातल्या थेंबांवर आपटतो आणि चित्रभर पांढरे फुगे तरंगतात.

फोनवर फोटो काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. बहुतेक नवे फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन ते एकत्र गुंफतात, आणि त्या गुंफणीत हलणारे थेंब कचरा समजून पुसले जातात. काळोखही उजळवला जातो. नाइट मोड आणि एचडीआर बंद करा, प्रो मोड असेल तर शटर हाताने ठरवा, पडद्यावर सगळ्यात उजळ जागेवर बोट ठेवा आणि उजेड थोडा खाली ओढा. कॅमेरा असेल तर रॉ फाइलमध्ये घ्या आणि पाहताना पडदा कृष्णधवल ठेवा. नजरेला सवय लागते आणि रंगांची माहितीही फाइलमध्ये शाबूत राहते. ओल्या हिरव्या पानांना नंतर हिरव्या-पिवळ्याची पट्टी सरकवून उजळवता येतं, हे पावसाळ्यात फार उपयोगी आहे, कारण आपला पावसाळा हिरवा असतो आणि कृष्णधवलात तो हिरवा सगळा एकाच मधल्या करड्यात जाऊन बसतो. बाकी कॅमेऱ्याची काळजी साधी आहे. भिंगाला हूड, प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड, दोन-तीन कोरडे सुती रुमाल. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर काढलेल्या कॅमेऱ्यावर वाफ धरते. ती पुसू नये, कॅमेरा पिशवीतच थोडा वेळ राहू द्यावा. घरी आल्यावर बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर चढू नये आणि विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नये, हे फोटोपेक्षा मोठं आहे.

झाडाखालचा पाऊस म्हटलं की ‘पथेर पांचाली’च डोळ्यांसमोर येतो. १९५५ चा, म्हणजे ‘श्री ४२०’ च्याच वर्षीचा. इथे नळ्या नाहीत, दिवे नाहीत. सुब्रत मित्र हा छायालेखक कामाला लागला तेव्हा विशीत नुकताच शिरलेला आणि त्याआधी त्याने सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. स्थिरचित्रं तेवढी काढलेली. नवशिक्यांसाठी मी हा प्रसंग राखून ठेवतो तो त्यामुळेच. पैशांअभावी खरा पावसाळा हातचा गेला. दिग्दर्शक सत्यजित राय मग ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर, एखादी उशिराची सर येईल या आशेवर मुलांना आणि मंडळींना घेऊन गावात जाऊन बसत. एक दिवस आभाळ भरून आलं.

पडद्यावर जे येतं त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी तळ्याच्या पाण्यावर पळणारे कीटक. मग वारा, आणि कमळाची पानं उलटी होतात. तळ्याकाठी एक टकलू गृहस्थ गळ टाकून बसले आहेत. पहिला थेंब त्यांच्या टकलावर पडतो आणि ते छत्री उघडतात. पावसाचं आगमन दाखवायला एक टक्कल आणि एक थेंब पुरला. मोठ्या दृश्याच्या मागे लागण्याआधी पहिला थेंब कुठे पडला ते पाहावं: तापलेल्या पत्र्यावर, वाळत घातलेल्या मिरचीवर, म्हशीच्या पाठीवर. त्यानंतर तळं भरून वर्तुळं उठतात. तळ्याच्या पाण्यात झाडांचं काळं प्रतिबिंब आणि आभाळाचं पांढरं जिथे भेटतात तिथे वर्तुळं सगळ्यात स्पष्ट दिसतात, कारण प्रत्येक लाट काळ्यात थोडं पांढरं आणि पांढऱ्यात थोडं काळं ओढून आणते. नुसत्या पांढऱ्या पाण्यावर तीच वर्तुळं हरवतात.

आणि मग दुर्गा. झाडीच्या गडद पडद्यापुढे ती केस मोकळे सोडून गोल फिरते, पाऊस अंगावर घेते. तिच्या मागची ओली पानं काळवंडली आहेत, तिचे केस त्याहून काळे, आणि भिजलेल्या चेहऱ्यावर आभाळाचा सगळा उजेड उतरला आहे. तिचा भाऊ अपू उघड्या अंगाने झाडाखाली आखडून उभा आहे. तो कुडकुडतोय तो अभिनय नाही. ऑक्टोबरातलं पाणी गार होतं, आणि शूटिंगनंतर मुलांना गरम दुधात ब्रँडी घालून द्यावी लागली. दुर्गा येते, त्याला जवळ ओढते, पदराखाली घेते. त्या वेळी चौकटीत आकाश जवळजवळ नाही, दूरचं काही नाही. आधीच्या दृश्यांत पाऊस तळ्यावर होता, रानावर होता. आता तो दोन मुलांच्या गालांवर, भुवयांवर, ओल्या वस्त्राच्या चुण्यांवर आहे. मित्रने कॅमेरा जवळ नेला आणि पाऊस मागे राहू दिला. पुढे दुर्गेला ताप येतो, हे कथा माहीत असलेल्याला त्या मिठीतच टोचत राहतं. पण चित्रात त्याची कसलीही सूचना घुसडलेली नाही. त्या घडीला ती फक्त भावाला ऊब देते आहे आणि कॅमेरा तेवढंच पाहतो. पावसातल्या माणसांचे फोटो काढताना ही सभ्यता फार मोलाची आहे. भिजलेल्या माणसाला आधीच अवघडल्यासारखं होत असतं. त्याच्याकडे पाहून हसावं, परवानगी घ्यावी, छत्री पुढे करावी. फोटो नंतरही मिळतो.

घरी आल्यावरच्या कामात एकच मोह टाळायला सांगतो. काँट्रास्टची पट्टी उजवीकडे ओढत नेली की फोटो पहिल्या क्षणी झणझणीत वाटतो. पण त्यात दूरचं पुसट सगळं कोरं पांढरं होतं आणि जवळच्या काळ्यातले तपशील बुडतात, म्हणजे पावसाने केलेली दोन्ही कामं आपण खोडून टाकतो. सें-लाझारचा मनोरा असा एका झटक्यात नाहीसा होईल. काळा एका कोपऱ्यात पुरता काळा असू द्या, पांढरा एका ठिणगीपुरता, आणि मधल्या करड्यांना जागा द्या. शक्य असेल तर फोटो छापून घ्या, मॅट कागदावर, पोस्टकार्डाएवढा, आणि दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून पाहा. करड्याच्या पायऱ्या त्यात मोजता आल्या तर तो ठेवा. नाही आल्या तर पट्टी परत मागे घ्या आणि पुन्हा छापा.